पागडीचा भाडेकरू

त्या माशाची किंमत होती १५० रुपये. त्याला टँकमधून बाहेर काढायला काय काय खर्ची पडलं याचा हिशेब मी ठेवला नाही. बायकोने ठेवलाय, आणि पाहुणे आले की ती तो तोंडपाठ म्हणून दाखवते.

डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक आहे. पाणी साधारण १९० लिटर, खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, सम्पमध्ये स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावर काढणारं यंत्र. गोड्या पाण्यातले मासे मी शाळेपासून पाळतोय. गप्पी, मोली, एंजल, झालंच तर एकदा ऑस्कर. खाऱ्या पाण्याचं वेड मात्र चाळिशीत लागलं, आणि लागलं ते मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला उतरलो होतो. तोंडात नळी, नाकात पाणी, पाणीही गढूळ. पैसे वाया गेले म्हणून मी मनात चरफडत होतो. तेवढ्यात बोटीवरच्या पोराने पावाचा तुकडा पाण्यात टाकला आणि कुठून कोण जाणे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे पाच-पन्नास मासे सरळ माझ्या तोंडावर आले. घाबरणं हा प्रकारच नाही. एकाने तर बोटाला चावा घेऊन पाहिला. (पाव घालू नये हे मला नंतर कळलं. त्या वेळी मीही घातला.)

तो सार्जंट मेजर. डॅमसेलच्या कुळातला. पोमासेंट्रिडी नावाचं हे कूळ मोठं आहे, सुमारे ४०० जाती, आणि केशरी-पांढरा क्लाऊनफिशसुद्धा याच घरातला. आकाराने बहुतेक सगळे बोटाएवढे किंवा तळहाताएवढे, रंगाने झगझगीत, काटक आणि भांडकुदळ. हा शेवटचा शब्द मी तेव्हा कुठे वाचला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

टँक भरला तो जूनमध्ये. आरओचं पाणी, त्यात मीठ कालवून खारटपणा समुद्राएवढा, म्हणजे हजारात ३५ वर आणला, खडक रचले, पंप सुरू केला. आता नव्या टँकचं असं असतं की त्यात लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू खडकांवर वसायला हवेत. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्याला सगळे सायकलिंग म्हणतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, त्यामुळे इथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहाल ठरतो.

मी कुर्ल्याच्या एका दुकानात हे सगळं सविस्तर सांगायला लागलो तर दुकानदाराने मला मधेच थांबवलं. "साहेब, कशाला महिना घालवता? डोमिनो टाका दोन. हा मरत नाही."

डोमिनो म्हणजे काळाभोर मखमली मासा, अंगावर तीन पांढरे ठिपके: एक कपाळावर, एकेक दोन्ही कुशींवर. सोंगटीसारखा. लेक सोबत होती, तिने तिथेच त्यांचं बारसं केलं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, एवढं मला कबूल आहे. अमोनिया वर चढला, उतरला, नायट्राइट चढलं, उतरलं, आणि डोमिनो खरोखरच मेले नाहीत. ते दिवस त्यांनी कसे काढले असतील याचा विचार मी आता करतो. त्या वेळी फक्त टेस्ट किटमधला रंग बघत होतो. आज कोणी विचारलं तर मी सांगतो, बाटलीतला अमोनिया मिळतो, तो थेंबाथेंबाने घाला, मासा कशाला जाळता. टँकवाल्यांची ही जुनी सवय जावी असं मला मनापासून वाटतं.

पण पाचव्या आठवड्यात दोनाचा एक झाला. अमोनियाने नाही. दुसऱ्या डोमिनोने. शेपटी कुरतडलेली, एक डोळा गेलेला असा तो सम्पच्या जाळीपाशी सापडला. लेकीला आम्ही "आजारी होता" असं सांगितलं.

उरलेला डोमिनो मधल्या खडकातल्या कमानीत राहायचा. त्यानंतर मी हॅचरीतली क्लाऊनची जोडी आणली, चांगले पैसे मोजून. संध्याकाळी सोडली. सकाळी दोघे वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे, एकमेकांना चिकटून. तिथून हलले की डोमिनो सुटायचा. रागावलेल्या डॅमसेलला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: पंख ताठ, अंग किंचित वाकडं, आणि टक-टक असा आवाज. हो, आवाज. मी दोन रात्री समजत होतो की पंपाचा इम्पेलर (आतली फिरकी) गेलाय. हे मासे तोंडाने आवाज करतात, काचेतून बाहेर ऐकू येण्याइतका.

आई दुपारभर टँकसमोर बसून पोथी वाचते. तिने चार दिवसांत निदान केलं. "अरे, हा पागडीचा भाडेकरू आहे. आधी घुसला ना, आता हाच मालक. काढून दाखव."

मी हसलो होतो. मग फायरफिश आणला. पांढरं अंग, मागे लाल होत गेलेली शेपूट, डोक्यावर एक लांब काडीसारखा पर. भित्रा मासा, काही झालं की बिळात, बीळ नसेल तर वर. टँकवर जाळी मी पुढच्या रविवारी बसवणार होतो. बुधवारी रात्री तो कपाटामागे फरशीवर सापडला, वाळलेला. डोमिनोने त्याला हातही लावला नसेल, नुसता धाक पुरला. त्या मृत्यूचं पाप मी माशावर घालत नाही. जाळी माझी राहिली होती.

मग काढायचं ठरलं, आणि खरी परीक्षा सुरू झाली. ज्यांनी रीफ टँक, म्हणजे खडक-प्रवाळांचा टँक, ठेवला नाही त्यांना वाटतं, जाळीने पकडायचा त्यात काय. खडकांच्या ढिगाऱ्यात शंभर भोकं असतात आणि त्यातलं प्रत्येक डोमिनोच्या पाठांतरात असतं. जाळी दिसली की तो कमानीत. मी जाळी ठेवून सोफ्यावर बसलो की तो काचेशी येऊन माझ्याकडे बघत बसायचा. मग प्लॅस्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा. मासा आत जातो, बाहेरची वाट सापडत नाही. ओढ्यात बांबूचं लावतात तसलंच यंत्र. दोन दिवस सगळ्यांचा उपवास. बाटलीत कोण गेलं? दोन्ही क्लाऊन, आळीपाळीने, तीनदा. डोमिनो बाटलीवर पहारा देत होता.

शेवटी एका शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर सगळे खडक बाहेर काढले. घरातल्या होत्या नव्हत्या त्या बादल्या, पिठाचा डबा धुऊन, लेकीची जुनी आंघोळीची टब. अर्धं पाणी उपसलं. हॉलच्या फरशीवर समुद्र. मऊ प्रवाळांचे तुकडे एका परातीत. आणि रिकाम्या टँकमध्ये, फूटभर पाण्यात, लपायला एकही जागा नसताना, तो मधोमध थांबला आणि माझ्या हातावर चाल करून आला. चावलासुद्धा. बोटभर मासा. मी जाळी त्याच्या मागे धरली आणि तो माझा हात हाकलायच्या नादात स्वतःच मागे सरकत जाळीत शिरला. पावणेबारा वाजले होते. बायको म्हणाली, "झालं? आता फरशी कोण पुसणार?"

कल्याणच्या एका मित्राकडे सहा फुटी टँक आहे. त्यात ट्रिगर, मोठे एंजल, सगळे हडेलहप्पी गडी. रविवारी सकाळच्या लोकलने डोमिनो बर्फाच्या डब्यात (बर्फाऐवजी पाणी भरून) कल्याणला गेला.

टँकमध्ये आता जीव आला होता. क्लाऊन खाली उतरले, लेदर प्रवाळाशी लगट करू लागले. एक पिवळा गोबी आणला, तो कोपऱ्यातल्या वाळूत स्थिरावला. पण टँकचा मधला आणि वरचा भाग रिकामा वाटायचा. आणि मालवणचं ते काळ्या-पिवळ्या अंगांचं उसळणं काही डोक्यातून जात नव्हतं. शहाणा माणूस डॅमसेलचा नाद सोडता. मी ठरवलं की या वेळी आधी निवडायचं, मग आणायचं.

तीन महिने मी विकत काहीच घेतलं नाही. ऑफिस सुटलं की कधी कुर्ला, कधी क्रॉफर्ड मार्केट. दुकानातल्या टँकसमोर वीस मिनिटं उभं राहायचं आणि कोण कोणाला हाकलतो ते बघायचं. दुकानदारांना आधी वाटलं मी भाव पाडायला आलोय. नंतर त्यांनी स्टूल द्यायला सुरुवात केली.

पहिली अडचण नावांची. आपल्याकडे निळा दिसला की तो "ब्लू डॅमसेल". त्या एका नावाखाली मला चार वेगवेगळे मासे विकायला ठेवलेले सापडले. यलोटेल, म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा: गडद निळा, पिवळा रंग फक्त शेपटीला आणि तिच्या देठाला. त्याचा जवळचा भाऊ, अर्धा निळा-अर्धा पिवळा हेमिसायनिया: याचा पिवळा पोटाखालूनही पुढे आलेला. तिसरा ब्लू डेव्हिल, क्रिसिप्टेरा सायनिया: अंगभर विजेसारखा निळा, मादीच्या पाठीवरच्या पराच्या शेवटी एक काळा ठिपका, काही भागांतल्या नरांची शेपूट नारिंगी. आणि चौथा पोमासेंट्रस जातीचा, पोटाकडे पिवळा, पहिल्या दोघांशी कोणीही गल्लत करेल असा, पण त्यांच्यापेक्षा मोठा होणारा आणि स्वभावाने कडक. दुकानात चौघेही दीड इंचाचे. भाव जवळपास सारखा. घरी नेल्यावर दोन वर्षांनी एकाचं सोनं होतं आणि दुसऱ्याचा डोमिनो.

ब्लू डेव्हिलने मला जवळजवळ पाडलंच होतं. तसा निळा रंग रंगाच्या दुकानातही मिळत नाही. पण ज्या टँकमध्ये तो होता तिथे बाकीचे सात-आठ मासे एका बाजूला दाटीने आणि हा एकटा तीन चतुर्थांश टँकमध्ये. आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढणारा मासा, पण मोठ्या टँकमध्येसुद्धा दादागिरी करतो. नाव उगाच नाही ठेवलेलं. मी हात जोडले.

हंबग, म्हणजे काळे-पांढरे पट्टेवाला, लेकीला हवा होता. "झेब्रा घ्या ना बाबा." तो डोमिनोचाच चुलतभाऊ, डॅसिलस. समुद्रात हे फांद्यांच्या प्रवाळात घोळक्याने राहतात, एका झुडपात एक कुटुंब, आणि तिथे त्यांच्यात मोठ्या-लहानाची उतरंड असते. काचेच्या तीन फुटांत झुडूप एकच, उतरंडीत खालच्याला पळायला जागा नाही. लेकीला हे समजावताना मी लोकलचं उदाहरण दिलं आणि ते तिला लगेच पटलं, कारण ती क्लासला ठाण्याला जाते. डोंबिवलीला चढलेले दारात ठाण मांडून उभे राहतात आणि दिव्याला चढणाऱ्याला पाय ठेवू देत नाहीत. वाईट माणसं नसतात ती. फलाटावर भेटली तर पत्ता सांगतील. डबा लहान आहे.

एक दिवस दुकानात एक पिल्लू दिसलं: पाठ पिवळीधमक, अंग चांदीसारखं पांढरं, खालचे पर निळे. असं वाटलं की कोणी हाताने रंगवलाय. स्टुलावरून मी उठलोच. मग बसलो. नियोग्लिफिडोडॉन मेलास. याचं प्रौढ रूप संपूर्ण काळं, एक टिपूसही रंग नाही, आणि लांबी १८ सेंटिमीटरपर्यंत. शिवाय मोठेपणी तो मऊ प्रवाळ खातो, आणि माझ्याकडे नेमके तेच आहेत. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मी त्यांच्या वाटेलाच गेलो नाही. मश्रूम, झोअँथिड आणि लेदर एवढाच माझा बगिचा. त्यात ही शेळी कोण सोडणार? डॅमसेलच्या बाबतीत दुकानात दिसतं ते बाळसं असतं. डोमिनोचेही ठिपके वयाबरोबर विरत जातात आणि तो वाढतो १४ सेंटिमीटरपर्यंत. त्यामुळे मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली: मासा आवडला की आधी त्याचा म्हातारपणचा फोटो शोधायचा.

सगळे म्हणत होते, शांत डॅमसेल हवा तर ग्रीन क्रोमिस घे. समुद्रात थव्याने पोहतो, खडकावर हक्क सांगत नाही, फिकट हिरवा-निळा रंग उन्हात चमकतो. तर मी पाच घेतले. घेताना एका गोष्टीचं भान ठेवलं, ते म्हणजे वेगळ्या ४० लिटरच्या टँकमध्ये चार आठवडे नजरेखाली ठेवणे. बेडरूममध्ये ठेवला तो टँक. बायकोने तो हिशेबात जोडला. दुसऱ्या आठवड्यात एका क्रोमिसच्या कुशीवर लाल चट्टा, जणू खरचटलंय. दोन दिवसांत मेला. मग दुसरा, तसाच. यूरोनिमा नावाचा सूक्ष्मजीव, क्रोमिसला वारंवार गाठणारा. तो पाण्यात आणि तळाच्या घाणीतही जगतो, त्यामुळे मुख्य टँकमध्ये गेला असता तर मी काय केलं असतं देव जाणे. उरले तिघे.

ते तिघे निरोगी होते. मोठ्या टँकमध्ये गेले, पहिले दोन आठवडे एकत्र फिरले, आई म्हणाली, "हे बघ, कसे गुण्यागोविंदाने." तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात छोटा मागे पडू लागला. त्याला कोणी जोरात हाकलत नव्हतं. नुसतं खायला आला की मोठा त्याच्यापुढे यायचा. टोचायचा, थोडंसं. रोज. महिन्याभरात तो गेला, मग मधला. आज एकच क्रोमिस आहे, धष्टपुष्ट, आणि खरंच शांत, कारण टोचायला कोणी उरलं नाही. शेकडोंच्या थव्यात हा टोचा सगळ्यांत वाटला जातो, तिघांत तो एकाच्याच वाट्याला येतो. मला वाटतं क्रोमिसला "शांत" म्हणणाऱ्यांनी त्यांना सहा महिन्यांनंतर मोजलेलं नसतं.

आता उरले यलोटेल आणि टॅलबॉट.

टॅलबॉटबद्दल कोणी फारसं बोलत नाही, दुकानातही तो कोपऱ्यात असतो. अंग फिकट जांभळट-गुलाबी, डोकं पिवळसर, पाठीवर एक काळा डाग. सहा सेंटिमीटरच्या वर जात नाही. दुकानातल्या टँकमध्ये तो आपला खडकाच्या बाजूने फिरत होता, कोणी अंगावर आलं तर वळून दुसरीकडे. यलोटेलही सातच्या आसपास थांबतो. दोघेही क्रिसिप्टेरा, म्हणजे ब्लू डेव्हिलच्याच घरातले, म्हणून मी घाबरत होतो. पण एका आडनावाची माणसं काय एका स्वभावाची असतात? शिवाय दोघांचे रंग वेगळे. डॅमसेल सगळ्यात जास्त चिडतो तो स्वतःसारख्या दिसणाऱ्यावर: सारखा रंग, सारखा आकार, सारखी भूक. म्हणून प्रत्येक जातीचा एकच, हे पक्कं केलं. दोन यलोटेल तीन फुटांत म्हणजे पुन्हा तेच पाच आठवडे.

निवड करताना माझ्या एक लक्षात आलं नव्हतं, ते स्टूल देणाऱ्या दुकानदाराने सांगितलं. हा माणूस कमी बोलतो. "साहेब, मासा कुठला ते तुम्ही बघताय. आधी कोण, नंतर कोण, ते बघा." डोमिनो पहिला गेला म्हणून तो मालक झाला. तोच शेवटी गेला असता तर? तरीही त्रास दिलाच असता म्हणा, पण हिंमत उशिरा आली असती. म्हणून डॅमसेल सगळ्यात शेवटी. क्लाऊन, गोबी, क्रोमिस, आणि एक नवा फायरफिश (या वेळी जाळी आधी, मासा नंतर), हे सगळे आपापल्या जागी रुळले, खाण्याच्या वेळा ठरल्या, तेव्हाच यलोटेल आणि टॅलबॉट आणले. दोघे एकाच दिवशी, म्हणजे कोणालाच "मी आधी" म्हणता येऊ नये. आणि यलोटेल मुद्दाम टॅलबॉटपेक्षा लहान निवडला, कारण दोघांत तापट तोच.

चार आठवडे बेडरूममध्ये, मध्ये जाळीचा पडदा. दोघांनाही काही झालं नाही. मग मोठ्या टँकमध्ये सोडण्याच्या आदल्या दिवशी मी उजवीकडचे दोन खडक हलवले, एक आडवा होता तो उभा केला. जुन्या रहिवाशांचं पाठांतर जरा चुकावं म्हणून. क्लाऊनची मादी संध्याकाळभर गोंधळलेली होती. आईसुद्धा. "फर्निचर कशाला हलवलंस?"

भांड्यांच्या दुकानातून दोन पारदर्शक चौकोनी डबे आणले होते. तापवलेल्या खिळ्याने त्यांना चहूबाजूंनी भोकं पाडली, आणि ते काचेला आतून अडकवले. डब्यात मासा, बाहेर टँक. सगळे सगळ्यांना बघू शकतात, वास घेऊ शकतात, चावू शकत नाहीत. पहिल्या दिवशी क्लाऊनची मादी यलोटेलच्या डब्यावर धडका देत होती. (मी आयुष्यभर डॅमसेलच्या नावाने खडे फोडले आणि पहिली चाल क्लाऊनने केली, तीही शेवटी त्याच कुळातली.) दुसऱ्या दिवशी धडका कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी तिने डब्याकडे पाहिलंही नाही. यलोटेल आतून काचेवरचं शेवाळ टोचत होता. चौथ्या दिवशी, रात्रीचे दिवे विझायच्या अर्धा तास आधी, भरपूर खायला घालून दोन्ही डब्यांची झाकणं काढली.

टॅलबॉट अर्धा तास बाहेरच आला नाही. यलोटेल बाहेर पडला तो सरळ उजवीकडच्या उभ्या केलेल्या खडकातल्या भोकात. आत गेला, वळला, तोंड बाहेर काढलं. मी श्वास धरून बसलो होतो. डाव्या बाजूने क्रोमिस आला, भोकासमोरून गेला. यलोटेल चार बोटं पुढे आला, पंख ताठ, आणि मागे फिरला. चार बोटं. डोमिनोची हद्द तीन फूट होती.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. दोन ठिकाणी खायला घालतो, डावीकडे आणि उजवीकडे एकाच वेळी, दिवसातून तीनदा थोडं थोडं. भरल्या पोटी भांडण कमी होतं हे माणसांनाही लागू असावं. टॅलबॉटने मागच्या बाजूची खबदाड घेतली. यलोटेलची हद्द वाढून वीतभर झाली आहे, त्यात गोबी चुकून शिरला तर त्याला बाहेर सोडून येतो, शेपूट शाबूत ठेवून. फायरफिश दिवसा मोकळा फिरतो. हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण टँकमध्ये सगळं ठीक आहे की नाही ते भित्र्या माशाकडे बघून कळतं.

एप्रिलमध्ये थोडं बिनसलं होतं. खोलीत ३४ अंश, पाणी २९ च्या वर. पंख्याने पाण्यावर वारा मारला की बाष्पीभवन होऊन पाणी गार होतं, पण हवाच दमट असेल तर पंखा काय करणार. त्या आठवड्यात यलोटेल चिडका झाला, टॅलबॉटच्या परावर एक चीर दिसली. चिलर घेतला. पाणी २६ वर आलं तशी चीर भरली. चिलर हिशेबात सर्वात वर आहे.

लेक अजून हंबगचं नाव काढते. मी तिला म्हणतो, सहा फुटी टँक घेऊ तेव्हा. बायको दुसऱ्या खोलीतून म्हणते, "ऐकू येतंय मला."

दिवाळीत कल्याणच्या मित्राकडे फराळाला गेलो होतो. त्याचा टँक आतल्या खोलीत. पिकासो ट्रिगर खालून वाळू फुंकत होता, एक एंजल ताटाएवढा. डोमिनो आधी दिसला नाही. मग एका मोठ्या खडकाच्या मागून काजळासारखा काळा, माझ्या तळव्याएवढा मासा बाहेर आला. कपाळावरचा ठिपका पुसून गेला होता, कुशीवरचे दोन टाचणीच्या टोकाएवढे राहिलेले. मित्र म्हणाला, "ट्रिगर याला बिचकतो, बोल." मी काचेला बोट लावलं. तो पंख ताठ करून आला, काचेवर आपटला, आणि तो टक-टक आवाज मला बाहेर ऐकू आला.